साखऱ्याच्या माळावरचा फोन

मेलेल्या माणसाने स्वतः अर्ज करावा, असे मी एकदा एका कुटुंबाला लेखी कळवले होते. शब्द अर्थातच तसे नव्हते. ‘खातेदाराने आपला गुप्त क्रमांक दाबून स्वतः विनंती केल्याखेरीज सेवा बंद करता येत नाही, तसेच ध्वनिमुद्रणाची प्रत देता येत नाही’ असे ते छापील पत्र होते आणि खाली माझी सही होती. त्यांच्या पत्राला मृत्यूचा दाखला जोडलेला होता. तो मी वाचला होता. वाचून सही केली आणि जेवायला गेलो.

ही दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट आहे. पुण्यातल्या एका लहान कंपनीत मी ‘निरोप’ नावाच्या सेवेचा प्रोग्राम लिहिला होता. घरापासून लांब असलेल्या माणसाने कुठल्याही एसटीडी बूथवरून एक नंबर फिरवायचा आणि आपला निरोप बोलून ठेवायचा. रोज संध्याकाळी सात वाजता आमचे यंत्र त्याच्या घरच्या फोनवर तो ऐकवी. नवा निरोप आला नाही, तर जुनाच पुन्हा ऐकवी. आधी एका पंपसेटची जाहिरात असे, म्हणून लोकांना सेवा फुकट होती. पुढे मालकाने कंपनी विकली. विकत घेणाऱ्यांना यंत्र मिळाले, पण प्रोग्रामचा मूळ मजकूर आम्ही दिला नाही. आत काय आहे ते त्यांना वाचता येईना, म्हणून ते बंद करायलाही भीत. एका खोलीत ते तसेच चालू राहिले.

मी नोकरी सोडली आणि मुक्त सॉफ्टवेअरचा प्रचार करू लागलो. जो प्रोग्राम तुम्ही वापरता तो तुम्हाला वाचता यावा, बदलता यावा, आणि ज्या सेवेला तुम्ही आपला मजकूर देता तिच्यातून तो घेऊन बाहेर पडता यावे, हे मी गावोगावी सांगत फिरत होतो. मनापासून सांगत होतो. पण त्या प्रोग्राममध्ये मी स्वतःसाठी एक चोरवाट ठेवली होती, हे मी कुणालाच सांगितले नव्हते. कुठल्याही फोनवरून काही आकडे दाबले की ‘निरोप’ची सगळी कुलपे माझ्यासाठी उघडत. ती बंद झाली नसावी, असे मला वाटत होते. तपासून मात्र कधी पाहिले नाही.

हिंगोली

सकाळी स्टेशनाबाहेर पडलो तेव्हा धुके होते आणि धुक्याला हळदीचा वास होता. मोंढ्याकडून, धान्याच्या बाजाराकडून, पोत्यांच्या गाड्या येत होत्या आणि बैलांच्या अंगावरही पिवळी भुकटी बसली होती. एका हॉटेलात सुशीला खाल्ली. आमच्याकडे चुरमुऱ्यांची भेळ होते, इथे ते भिजवून फोडणीला टाकतात आणि गरम खातात. मालक म्हणाला, “पुण्याहून आले का? मग तिखट कमी टाकतो.” त्याने कमी टाकले नाही.

कॉलेजातले व्याख्यान दुपारी झाले. माझे नेहमीचे वाक्य मी म्हटले, की ज्या सेवेची चावी तुमच्या हातात नाही त्या सेवेत तुम्ही भाडेकरूही नाही, सामान आहात. टाळ्या पडल्या. संगणक शिकवणारे कदम सर मागच्या बाकावरून उठले.

“सर, सामानाचं बराबर हाय. पण सामानाचा मालक मेल्यावर काय?”

पोरे हसली. कदम सर जाड भिंगांचे, बारीक अंगाचे, आणि स्वतः न हसता दुसऱ्याला हसवणारे गृहस्थ होते.

“आमच्या सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या पल्याड, धनगराची वस्ती हाय. तिथं एक मेलेला माणूस रोज सात वाजता घरी फोन करतो. तीन वर्षं झाली. लाइट नसली तरी करतो. मी म्हणलं पुण्याचे सर येऊन राहिले, त्यांना विचारावं. भुताला पण सर्व्हर लागतो का हो?”

सगळे हसले. मीही हसलो असेन. साखरा हे नाव मी एका पाकिटावर वाचले होते.

“मला तिथे नेता का?” मी विचारले.

“उद्या परतीची गाडी हाय न्हवं तुमची?”

“राहू द्या.”

माळाच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कदम सरांच्या मोटारसायकलवरून आम्ही निघालो आणि सेनगाव मागे टाकले. दोन्ही बाजूंना तूर शेंगांवर आली होती, पुढे हरभरा, मग तोही संपला आणि काळ्या दगडांचा माळ लागला. साखरा मागे टाकून दोन किलोमीटर गेलो असू, तेवढ्यात मागचे चाक बसले. पंक्चर काढणारा साखऱ्यातच होता.

“तुमी व्हा म्होरं,” कदम सर म्हणाले. “ह्या पाऊलवाटेनं सरळ. दोन लिंबं दिसतील. मी गाडी ढकलत नेतो. आज दुकान बंद असलं तर उद्याच येईन बघा.”

“वस्तीवर काय म्हणून सांगू?”

“सांगा फोनवाले हाव. समदे वळखतील.”

ते सहज बोलले होते. मी एकटा चालू लागलो. पश्चिमेला सूर्य कलला होता आणि माळावर कसलाच आवाज नव्हता. आमच्याकडे डोंगरातही पाण्याचा, पानांचा काहीतरी आवाज असतो. इथे दगडांवर माझ्या चपलांचाच आवाज येत होता. तो कधी कधी माझ्या मागून आल्यासारखा वाटे आणि मी दोनदा वळून पाहिले.

दोन कडुलिंब दिसले. खाली तीन घरे, काटेरी कुंपणाचा मेंढवाडा, आणि एका पत्र्यावर बिनतारी फोनचा अँटेना. वाड्यातून मोठे करडे कुत्रे सुटले आणि माझ्याकडे धावत आले. मी जागीच थांबून म्हणालो, “गप, गप रे, गप.”

कुत्रे थांबले. कान उभे करून त्याने माझ्याकडे पाहिले, मग शेपूट खाली घालून दगडावर बसले. धनगराचे कुत्रे परक्या माणसावर न भुंकता बसलेले मी आजवर पाहिले नव्हते.

दारात सत्तरीची एक बाई तूर सोलत बसली होती. शेजारी तीनेक वर्षांची मुलगी होती. मी नमस्कार केला आणि म्हणालो, “मी पुण्याहून आलो आहे. फोनच्या कामासाठी.”

बाईचे हात थांबले. तिने मान कलती केली, जसे लांबचे काही ऐकताना करतात. मुलगी उठून आजीच्या मागे गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “आजी, फोनातला माणूस.”

मला कारण कळायला दोन क्षण लागले. ‘निरोप’मधल्या सगळ्या सूचना, ‘नमस्कार, आपल्यासाठी निरोप आहे’ पासून पुढच्या, मीच बोललेल्या होत्या. बाहेरचा माणूस आणायला नको म्हणून मालकाने माझाच आवाज भरून घेतला होता. तीन वर्षे रोज संध्याकाळी, पंपसेटच्या जाहिरातीनंतर, मी या घरात बोलत होतो. त्या मुलीने बापाच्या आधी मला ऐकले होते. कुत्र्यानेही.

फोन

बाईचे नाव भागाबाई. रोज फोन करणारा मेलेला माणूस, मारोती, तिचा मुलगा. त्याची बायको सोजर मेंढरे घेऊन परतली, तेव्हा सूर्य बुडत होता. तिशीची, सडपातळ, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि फक्त विचारले, “आता आले व्हय?”

त्यात टोमणा होता का, मला कळले नाही. मी कोण, ते मी सांगितले नाही. फोनची तक्रार ऐकली म्हणून आलो, एवढेच म्हणालो.

वीज सहा वाजताच गेली होती. भागाबाईने चिमणी लावली नाही. फोन कोनाड्यात एका स्वच्छ फडक्यावर ठेवला होता आणि बॅटरीवरचा त्याचा हिरवा दिवा तेवढा दिसत होता. वाड्यात मेंढरे बसली होती. आम्ही चौघे अंधारात बसून राहिलो. सात वाजले आणि फोन वाजला.

भागाबाईने स्पीकरचे बटण चाचपून दाबले. पंपसेटची जाहिरात झाली. मग मी बोललो. माझाच आवाज, कमी वयाचा, उत्साही, कोनाड्यातून आला: “नमस्कार. आपल्यासाठी निरोप आहे.” तिघींनी अंधारात माझ्याकडे तोंडे वळवलेली मला जाणवली.

मग दुसरा आवाज. मागे रस्त्यावरची वाहने, घुंगरे.

“आई, मी मारोती बोलून राहिलो. मेंढरं बराबर हायती. काळीला दोन कोकरं झाली.”

“दोन्ही जगली का रे?” भागाबाईने विचारले.

“दोन्ही माद्या, पाटी हायती, चांगल्या.”

“बरं झालं.”

“तुमी जेवले का?”

“आता जेवू. तू जेवला का?”

“माझी काळजी नको करू. सोजरला तकलीफ देऊ नको, तिचे दिवस भरत आले.”

“न्हाई देत रे.”

मग त्याने तोंड फोनपासून दूर नेऊन मेंढरांना हाळी दिली, लांब, घशातून आलेली. बाहेर वाड्यात पन्नास-साठ घुंगरे एकदम वाजली. सगळी मेंढरे उठून उभी राहिली होती.

“परवा येऊन राहिलो मी, आई. परवा.”

“ये बाबा. वाट पाहून राहिले.”

फोन बंद झाला. निरोपात जिथे जिथे तो श्वास घ्यायला थांबला होता, तिथे तिथे तिची उत्तरे बरोबर बसत होती. तीन वर्षांत ती जागा शिकली होती. मला मात्र त्या अंधारात असे वाटले, की तोच तिच्या उत्तरांसाठी थांबतो आहे.

मग भागाबाई माझ्याकडे वळली. “तू रोज त्याच्या संगती असतोस न्हवं? तूच त्याला फोनावर आणतोस. कसा हाय माझा मारोती?”

सोजरने मुलीला मांडीवर ओढून घेतले.

“बरा आहे,” मी म्हणालो.

मग भागाबाईने चिमणी लावली आणि तुरीच्या सोल्यांचे कालवण, ज्वारीची भाकर आणि ठेचा माझ्यापुढे ठेवला. मला गिळवेना. ती म्हणाली, “खा. तुमच्याकडं पातळ चपात्या खात असतील, ही जाड हाय म्हणून घशात बसती.” ती मला सांभाळून घेत होती.

मेंढरांमागे

सकाळी सोजरबरोबर मी मेंढरांमागे गेलो. उजेडात माळ साधा वाटत होता. तिनेच विषय काढला.

“मेंढरं घेऊन गोदावरीच्या पल्याड गेले व्हते दिवाळीनंतर. फोन केला आन् त्याच रस्त्यावर ट्रकनं उडवलं. संगतीच्या लोकांनी तिकडंच अग्नी दिला. सासूनं काही पाह्यलं न्हाई. दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजला. ती म्हणली, तुमी खोटं बोलता.”

“फोन काढून का टाकला नाही?”

“एकदा अँटेनाची वायर उपटली म्या. चार दिवस पाण्याचा घोट घेतला न्हाई म्हातारीनं. कुंकू पुसायला गेले तं हात धरला. त्याच्या नावानं तेरावं करू देत न्हाई.” तिने एका मेंढीला दगड मारून वळवले. “त्याचं बी मला काही न्हाई. पण ती परवा परवा करत साखऱ्याच्या फाट्यावर जाऊन बसती. मागच्या उन्हाळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी सापडली, ओठ फुटलेले. एक दिवस ती तिथंच मरल, भाऊ. मेलेल्या माणसाची वाट पाहत. काहून असं असावं?”

मी विचारले, “फोनवरचा निरोप पुसून टाकला, तर तुम्हाला चालेल?”

“पुसा. पण आधी तो आवाज आमाला द्या. पोरीनं बापाला तेवढंच ऐकलंय. म्या लिवलं व्हतं तसं.”

“कुणाला?”

“तुमच्या पुण्याला.”

मी खाली पाहून चालत राहिलो. थोड्या वेळाने ती हसली, पहिल्यांदाच. “काल तुमी सासूला बरा हाय म्हणले.”

“चुकलो.”

“आमच्यात मेंढरांच्या वाड्यावरून आलेला माणूस आधी मेंढरांचं सांगतो. कोणती व्याली, कोणती लंगडती, लांडग्यानं किती नेली. माणसाचं मागून. माणसाचं आधी सांगितलं की ऐकणारा वळखतो, काहीतरी झालं. तुमी तं मेंढरांचं नावच घेतलं न्हाई.”

“म्हणजे त्यांना कळलं?”

“मला काय ठाऊक. तुमीच विचारा.”

सातच्या आधी

कदम सर दुपारी आले, गाडीसह. मी सांगितले म्हणून ते परत जाऊन घरचा टेपरेकॉर्डर आणि कोरी कॅसेट घेऊन आले. “भुताची मुलाखत?” त्यांनी विचारले. मग माझे तोंड पाहून त्यांनी पुन्हा विनोद केला नाही.

पावणेसातला मी भागाबाईसमोर बसलो. आजही वीज नव्हती. मी सांगितले, “काल मी खोटे बोललो. मारोतीला मी कधी भेटलो नाही. तो तिकडे कुठेच नाही. एक यंत्र आहे, त्याने एकदा बोलून ठेवलेले ते रोज ऐकवते. माझाही आवाज तसाच त्यात भरलेला आहे.”

“ठाऊक हाय,” भागाबाई म्हणाली. “भेटला असता तं तू आधी काळीचं सांगितलं असतं.”

“मग तुम्ही रोज…”

“माझ्या लेकराच्या आवाजात परवा येतो म्हणतंय. त्याच्या तोंडावर तू मेलास कसं म्हणू? तू म्हणशील?” ती थांबली. “आन् मला वाटायचं, त्यालाच ठाऊक नसंल. रस्त्यातच गेला न्हवं. कोणी सांगितलंच नसंल त्याला.”

कदम सरांनी टेपरेकॉर्डरवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

मी तिला समजावले. आजच्या फोननंतर मी काही आकडे दाबणार. त्याने कुलूप उघडेल. पुसायचे काम मी करणार नाही. नवा गुप्त क्रमांक सोजर घालेल, आणि मग चालू ठेवणे, बंद करणे, सगळे या घराच्या हातात असेल. वर्षानुवर्षे व्यासपीठावर सांगत आलो तेच मला सांगायचे होते, पण इथे ते एकेक शब्द शोधत सांगावे लागले.

“आता तरी कुलूप उघडल व्हय?” सोजर म्हणाली.

सातला फोन वाजला. कॅसेट फिरू लागली. जाहिरात, मग मी, मग तो. भागाबाई रोजच्यासारखी उत्तरे देत होती. दोन्ही जगली का रे. आता जेवू. हाळी झाली, बाहेर मेंढरे उठली, कुत्रे विव्हळले.

“परवा येऊन राहिलो मी, आई. परवा.”

भागाबाईने कोनाड्याच्या काठावर हात ठेवला. “न्हाई रे मारोती,” ती म्हणाली. “आता येऊ नको. ट्रकनं उडवलं तुला. तू गेलास, लेकरा. तुला पोरगी झाली, चांगली हाय. काळीची कोकरं मोठी झाली. आता येऊ नको बरं का.”

निरोप संपला होता. पण फोन लगेच बंद झाला नाही. रोज होतो तसा खटकन आवाज आला नाही. रस्ता आणि घुंगरे आणखी काही क्षण ऐकू येत राहिली. मी तो प्रोग्राम लिहिला आहे. तो असा थांबत नाही. निरोपाच्या शेवटी एवढा जास्तीचा आवाज भरलेला नव्हता, हे काल मी ऐकले होते. कॅसेटवर तो आहे की नाही, हे मी अजून कुणालाच विचारलेले नाही.

मी आकडे दाबले. चोरवाट उघडली. माझाच आवाज म्हणाला, “व्यवस्थापकांचे स्वागत आहे,” आणि मला लाज वाटली. मग त्याने अजून किती घरी निरोप चालू आहेत तो आकडा सांगितला. त्यातले किती बोलणारे जिवंत आहेत, ते त्याला ठाऊक नव्हते, मलाही नाही. परतल्यावर मी त्या नव्या मालकांना चोरवाट, मूळ मजकूर, सगळे लिहून पाठवले.

सोजरने नवा क्रमांक घातला. माझ्याकडे पाठ करून, मला दिसू नये म्हणून. ते तिने बरोबर केले. “निरोप पुसण्यासाठी नऊ दाबा,” फोनच्या आतून मी म्हणालो. तिने सासूकडे पाहिले. भागाबाई म्हणाली, “दाब.” तिने दाबले.

“निरोप पुसला आहे. धन्यवाद.”

मग सोजर कॅसेट पदरात धरून म्हणाली, “लई उपकार झाले, भाऊ. तीन वर्षं कोणी ऐकलं न्हाई. तुमी एवढ्या लांबून आले.” आणि ती माझ्या पाया पडायला वाकली.

मी मागे सरलो, भिंत लागली. तिला उठवले आणि मीच तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

“उपकार म्हणू नका,” मी म्हणालो. “तुमचं पत्र मलाच आलं होतं. बंद करा आणि आवाज आम्हाला द्या, असं तुम्ही लिहिलं होतं. मृत्यूचा दाखला होता, तो मी वाचला. त्याच दिवशी, आत्ता दाबले तेच आकडे दाबून मला हे करता आलं असतं. पण मग चोरवाट आहे हे कळलं असतं, आणि नियम मीच केलेला होता, तो मोडायचा नव्हता. म्हणून मारोतीनेच अर्ज करावा असं मी तुम्हाला लिहिलं. त्याच्यावर माझी सही आहे. तीन वर्षं भागाबाई फाट्यावर बसल्या त्या माझ्यामुळे. फोनची चूक नाही, यंत्राची नाही. मी केलं. सोजरबाई, भागाबाई, मला माफ करा.”